सासऱ्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवायचंय. सोलापूरहून कधी, कुठं जावं?

जोडभावीची_सून:
आमचे मामा (सासरे) चौऱ्याहत्तर वर्षांचे. मूळचे मंगळवेढ्याकडचे. ज्वारी राखायला रात्र रात्र माळ्यावर असायचे. पौषात तिकांडं (मृगातले एका ओळीतले तीन तारे) मावळतीला टेकलं की उठायची वेळ झाली, हे त्यांचं घड्याळ. आता पेठेतल्या गच्चीवरून तिकांडं तेवढं ओळखू येतं, बाकी सगळं दिव्यांनी पुसलंय.

मागच्या वर्षी एका ठिकाणच्या आकाशदर्शनाला नेलं होतं. नेमकी पौर्णिमा. दीड तास रांग, वर लोखंडी शिडी. गुडघे धरत चढले, "दिसलं का, दिसलं का" म्हणेपर्यंत पुढचा माणूस आला. काही न बघताच उतरले आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आता दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पुन्हा न्यायचंय, पण या वेळी नीट.

सात_रस्ता:
पुण्याला जमत असेल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करा. १९४४ पासूनची संस्था आहे, आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडं मात्र या कामासाठी जाऊ नका. तिथल्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या रेडिओलहरी पकडतात, डोळा लावून बघायला काही नसतं.

माळावरची_दुर्बीण:
ताई, जागेच्या आधी तिथी ठरवा. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, म्हणून तो सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. शिवाय अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग पुढं गडद आकाश मिळतं. एका रात्रीत दोन्ही.

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, दुर्बीण घेऊन गावोगाव फिरलो. म्हाताऱ्या माणसांना घाईच नडते. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्येच कुणी मोबाईल उघडला की सगळं पाण्यात. बॅटरीला लाल जिलेटिन पेपर बांधा. फिकट गोष्टीकडं थेट न बघता किंचित बाजूला बघायला सांगा, कडेच्या नजरेला अंधारातलं जास्त कळतं.

शिडीचं आधी फोनवर विचारा. आरशाच्या लांब नळीच्या दुर्बिणीत डोळा लावायची जागा वरच्या टोकाला असते, डोक्यावरचं बघायचं तर चढावंच लागतं. भिंगाच्या दुर्बिणीत ती मागच्या टोकाला असते. उजेड वळवणारा कोनी आरसा बसवला की मामा खुर्चीत बसून बघतील. चष्मा फक्त लांबचा किंवा जवळचा असेल तर काढायचा आणि त्यांच्या डोळ्याला फोकस करून द्यायचा. तिरका (सिलिंडरचा) नंबर असेल तर चष्मा राहू द्या.

पुण्यापर्यंतचा प्रवास झेपत नसेल तर विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढं या. शहराचा उजेड उत्तरेला, पाठीमागं राहतो, दक्षिण मोकळी मिळते. अगस्त्य तारा तिथं छान दिसतो. पौषात चंद्र मावळला की मी तिकांड्याखालचा धूसर ठिपका दाखवतो. तो तारा नाही, धुळीचा आणि वायूचा ढग आहे, त्यात नवे तारे जन्मतात. आत्ता दिसतो तो उजेड तिथून साधारण १३०० वर्षांपूर्वी निघालाय. मागं एका आजींनी त्याच्यावर डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. रांगेतली पोरं गप्प उभी राहिली, कुणी घाई केली नाही.

पौषात रानात गारठा फार असतो. कानटोपी, घोंगडी, गरम चहा लागेलच.

जोडभावीची_सून:
सर, पौष शुद्ध सप्तमी धरते. मंद्रूपलाच येऊ. मामांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, दुर्बिणीतूनही तिकांडं तीनच दिसतात का?

माळावरची_दुर्बीण:
त्यांना सांगा, तिघांतला जो आधी उगवतो, त्याच्या शेजारी एक फिकट सोबती दिसतो. नुसत्या डोळ्यांनी माळ्यावरून तो कधीच दिसला नसणार. पहिला तोच लावून ठेवतो.