शहर प्रवक्ता झालो, पहिलाच विषय पाणीकपातीचा. तयारी काय करू?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. पक्षानं पुण्याचं शहर प्रवक्तेपद दिलंय. प्रेस नोट कधी आणि कशी पाठवायची, वाहिन्यांच्या बूमसमोर (माइकसमोर) काय सांभाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

डेस्कवाला:
अभिनंदन. नोट संध्याकाळी पाचच्या आत पोचू द्या. रात्री पानं लागायला घेतल्यावर आलेली चांगली नोटसुद्धा दोन ओळींत जाते. मजकूर मेलमध्येच, युनिकोडात, अडीचशे शब्दांपर्यंत. पीडीएफ नको. त्यातून कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात. सगळं पुन्हा टाइप करायला उपसंपादकाला वेळ नसतो, मग नोट मागे पडते. पहिल्याच वाक्यात मागणी काय आणि कोणाकडे, ते हवं. 'यावेळी मान्यवर उपस्थित होते' हा परिच्छेद कापलाच जातो, त्यापेक्षा फोटोखाली डावीकडून क्रमानं पूर्ण नावं द्या.

नवी पेठेत पत्रकार भवनात परिषद घेणार असाल, तर त्याच वेळी दुसऱ्या पक्षाची नाही ना, हे आधी विचारून घ्या. बातमीदार तेवढेच असतात.

पेठकर ताई:
दादा, पाण्यावर बोलण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, निर्णय कोणाचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची. आवर्तनाची, म्हणजे कालव्यातून पाळीनं पाणी सोडण्याची, चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. पेठेत किंवा धायरीत पाणी किती वाजता सोडायचं, हे मात्र महापालिका ठरवते. दोन्हींची सरमिसळ केलीत की अधिकारी एका वाक्यात तुम्हाला खोडून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी छापून येतो तो त्यांचा खुलासा.

दुसरी गोष्ट एककांची. धरणात टीएमसी (अब्ज घनफूट), शहरात एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. वर्षभरात विभागलं तर दिवसाला साधारण ७८ एमएलडी. 'एक टीएमसी वाढवून द्या' अशी मागणी केलीत की 'म्हणजे रोज किती?' हा प्रश्न येणारच. माझ्या मते पुण्यातल्या प्रवक्त्याला हे गणित कागदाशिवाय यायला हवं. पाण्यासाठी रात्री जागणाऱ्या घरांच्या वतीनं आपण बोलत असतो.

आता बूमसमोर काय सांभाळायचं ते.
बाइट, म्हणजे तुमच्या बोलण्याचा तुकडा, वीस-तीस सेकंदांचा वापरतात आणि प्रश्न कापला जातो. म्हणून 'हो, अगदी बरोबर' असं उत्तर देऊ नका, विषय उत्तरातच घेऊन पूर्ण वाक्य बोला. विरोधकांच्या आरोपाचे शब्द नाकारण्यासाठीसुद्धा उच्चारू नका, टिकरवर (पडद्याखालच्या धावत्या पट्टीवर) नेमके तेच शब्द तुमच्या नावानं चालतात. 'ऑफ द रेकॉर्ड' हे बोलण्याआधी सांगायचं आणि समोरच्यानं मान्य करायचं, बोलून झाल्यावर सांगून उपयोग नाही. पक्षाची भूमिका ठरलेली नसेल तर शहराध्यक्षांना फोन करून मगच कॅमेऱ्यासमोर जा. 'हे माझं वैयक्तिक मत' ही सोय प्रवक्त्याला नसते.

कोथरूडकर:
मनापासून आभार. आकडा चुकलाच तर?

डेस्कवाला:
त्याच दिवशी, पत्रकारांच्या ज्या ग्रुपवर आकडा टाकला त्याच ग्रुपवर, 'दुरुस्ती' असं वर लिहून चुकीचा आणि बरोबर, दोन्ही आकडे द्या. गुपचूप मेसेज डिलीट करून नवा टाकलात, तर ज्यांनी जुना उतरवून घेतला त्यांच्या पानावर चूक तशीच छापली जाते.