बाहेरचा बोका दिसला की भाटी घरातल्याच बोक्यावर तुटून पडते, काय करावं?

परसदार (ता. दारव्हा)

घरी दोन मांजरं आहेत, दोन्ही आतच राहतात. भाटी 3 वर्षांची, बोका 2 वर्षांचा, दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. आतापर्यंत दोघं एकाच बाजेवर अंगाला अंग लावून झोपत. 8 दिवसांपासून बाहेरचा एक गालफुगा पिवळा बोका पहाटे 5 च्या सुमारास परसात येते आणि कूलरच्या टपावर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहते. भाटी आतून गुरगुरते, शेपूट फुलवते, आणि तो निघून गेला की घरातल्या बोक्यावर तुटून पडते. काल त्याच्या कानाला नख लागून जखम झाली. मागच्या दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं मुताचे ओघळही दिसून राहिले.

घर कौलारू, पुढं छपरी. मागं गजाच्या दोन खिडक्या, काच नाही. एकीत कूलर आहे आणि दुसरी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर कूलरची हवा खेळत नाही. उन्हाळ्यात खिडकी बंद करणं शक्य नाही. कोणत्या क्रमानं काय करावं?

---

मनीची राखण

भाऊ, आधी दोघांना वेगळं करा, आजच. जाळीचं काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल, पण ही मारामारी आणखी एकदाही होऊ देऊ नका.

भाटीचा राग घरातल्या बोक्यावर नाहीच. तिला धावून जायचं आहे बाहेरच्यावर, पण मध्ये गज आहेत. अंगात चढलेला जोर मग जवळ जो हलेल त्याच्यावर निघतो. तिथं माणसाचा पाय असेल तर पायावर. बाहेरचा बोका गेला म्हणजे जोर उतरला असं होत नाही. तो काही तास राहतो, कधी दीड-दोन दिवसही. अशा वेळी दोन-तीनदा झटापट झाली की बाहेरचा बाजूला राहतो आणि घरातलाच वैरी म्हणून तिच्या डोक्यात पक्का होतो. मग नुसता तो खोलीत आला तरी ती फिस्कारते. ते मोडायला महिने लागतात, म्हणून घाई करायला सांगतो आहे.

कान मागं चपटे, बुबुळं काळीभोर मोठी, पाठीवरचे केस उभे, शेपटीचं टोक झटक्यानं हलतंय, असं असेपर्यंत तिला हात लावायचा नाही. उचलायचं नाही, रागवायचं नाही, पाणीही मारायचं नाही. दोघांच्या मध्ये मोठा पुठ्ठा नाहीतर जाड गोधडी आडवी धरा आणि तिला हळूहळू एका खोलीत वळवा. खोलीत अंधार करा. एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, समोरच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं (वाळू 2 ते 3 इंच) आणि लपायला एक आडवा खोका ठेवा. घरातला बोका बाकीच्या घरात मोकळा राहू द्या, त्याला कोंडू नका.

ती नीट जेवू लागली, अंग चाटू लागली, बुबुळं बारीक झाली की पुढचं काम सुरू करा. याला किमान 24 तास धरा, 48 दिले तर चांगलंच. एक सुती फडकं तिच्या गालांवर आणि हनुवटीखाली हलकं फिरवा आणि ते बोक्याच्या ताटलीखाली ठेवा. त्याचं फडकं तिच्या ताटलीखाली. रोज तासभर दोघांच्या खोल्या बदला, पण समोरासमोर येऊ न देता. मग बंद दाराच्या दोन बाजूंना, दारापासून 4-5 फुटांवर, दोघांना एकाच वेळी जेवण द्या. शांतपणे खाल्लं तर पुढच्या जेवणाला ताटली अर्धा फूट जवळ घ्या. गुरगुर झाली तर कालच्या अंतरावर परत जा. दाराशी येऊन निवांत जेवू लागले की दोन इंच फट ठेवा आणि दार सरकू नये म्हणून मागं वीट लावा. त्यानंतरच 5-5 मिनिटांची भेट. हे सगळं एक ते तीन आठवड्यांचं काम आहे. लोक चौथ्या दिवशी दार सताड उघडतात आणि मग सारं पहिल्यापासून करावं लागतं.

---

खसताटी

कूलरकडे बघा, याकडे लक्ष जात नाही. बोका उभ्यानं मागं मूत फवारतो, तो उभा असेल तिथून साधारण 8 ते 12 इंच उंचीवर. तो कट्ट्यावर उभा राहिला तर फवारा थेट कूलरच्या ताटीवर पडतो. ताटी ओली, मागून पंखा हवा ओढतो, म्हणजे परक्या बोक्याचा वास रात्रभर घरात. बोका दिसत नसला तरी भाटीला तो घरातच असल्यासारखा वाटत राहतो.

कूलर बंद करून प्लग काढा, तिन्ही ताट्या उतरवून उन्हात वाळवा आणि मग खालच्या भागाचा वास घ्या. उग्र, तिखट वास आला, पिवळसर चिकट डाग दिसला, तर ताटी बदलूनच टाका. वाळा असो की लाकडी गवत, वास आत मुरतो, धुऊन जात नाही. टाकी पूर्ण रिकामी करून घासा, टिनाची बॉडी कपडे धुण्याच्या पावडरनं धुवा.

पुढचं काम म्हणजे बसायची जागाच मोडणं. कूलरच्या टपावर आणि कट्ट्यावर 45 अंशात तिरका पत्रा बसवा, कडा दुमडून घ्या म्हणजे कोणाला कापणार नाही. तिरक्या पत्र्यावर मांजर ठरत नाही. कूलर आणि चौकट यांच्या मधली फट प्लायच्या पट्टीनं बुजवा. तीन इंचांची फट मांजराला पुरते.

आणि एक. मे महिन्यात तो बहुतेक पाण्यासाठीच येतो. कूलरची टाकी झाका आणि कुंपणाच्या टोकाला, घरापासून 30-40 फुटांवर, खिडकीतून दिसणार नाही अशा जागी मातीचं पसरट भांडं भरून ठेवा. उरलंसुरलं अन्न, मासे धुतलेलं पाणी परसात टाकणं बंद करा.

---

बांबू आणि तार

उघड्या खिडकीला जाळी लागेलच. गजांमध्ये 4 इंच अंतर असेल तर मांजराचं डोकं सहज जातं, आणि डोकं गेलं की अंगही जातं. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या, जस्ताचा मुलामा असलेली, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजते. मच्छरांची फायबर जाळी नखांनी एका रात्रीत फाटते. जाळी खिळे वाकवून ठोकू नका. चारी बाजूंनी लाकडी पट्टी ठेवून दर 6 इंचांवर स्क्रू मारा. आतून धक्का बसला की खिळे उपटतात.

पण नुसत्या जाळीनं भांडण थांबत नाही, उलट दोघं नाकाला नाक लावून बसतात. खालचा अडीच फूट भाग नजरेआड करा आणि वरचा हवेला मोकळा सोडा. बुरडाकडून बांबूचा घट्ट विणलेला तट्टा आणा आणि जाळीच्या बाहेरून तारेनं बांधा. आतून लावला तर भाटी नखं घासून तो उसवेल. खिडकीजवळची बाज, पेटी, कणगी सरकवा, नाहीतर ती त्यावर चढून वरून पाहील.

तिची बघायची जागा हिरावली तर दुसरी द्यावी लागते, हे विसरू नका. पुढच्या छपरीकडच्या खिडकीशी 4-5 फूट उंचीवर फूटभर रुंद फळी ठोका, वर गोणपाट खिळा म्हणजे पाय घसरणार नाही. तिकडं कोंबड्या, चिमण्या दिसल्या तर बघू द्या. त्यांच्याकडे बघून ती दात कटकटवेल, ते शिकारीचं आहे, भांडणाचं नाही.

---

परसदार (ता. दारव्हा)

घरी 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट पडून आहे. तट्ट्याऐवजी तीच लावली तर? आणि चौकट फिनाईलनं दोनदा पुसली, तरी तिथंच परत मुतून राहिले.

---

मनीची राखण

शेडनेट एकेरी नको. अंधाऱ्या खोलीतून उजेडाकडे पाहिलं की तिच्यातून आरपार दिसतं, निदान हलणारं तर दिसतंच. सकाळी दिवे बंद करून भाटीच्या उंचीवर जमिनीवर बसा आणि कोणाला तरी बाहेर हात हलवायला सांगा, लगेच कळेल. दुहेरी करून भोकं एकमेकांवर येणार नाहीत अशी लावली तर बरंच झाकतं, पण हवाही अडते. तट्टाच बरा.

फिनाईल ताबडतोब बंद करा. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर पाय चाटतंच. डेटॉल, डांबरगोळ्या, निलगिरीचं तेल, हे सगळं त्याच यादीत. शिवाय तीव्र वासामुळं आपली हद्दीची खूण पुसली गेली असं वाटून ती आणखी जोरात फवारतात.

एन्झाइमची कपड्यांची पावडर एक भाग आणि कोमट पाणी नऊ भाग. चौकट लाकडी आहे, फटींत मुरलेलं असतं, म्हणून फडकं भिजवून 15 मिनिटं चिकटवून ठेवा, मग साध्या पाण्यानं पुसा, वाळू द्या, शेवटी सर्जिकल स्पिरिटचा हात. असं तीनदा, एक-एक दिवस सोडून. दाराची बाहेरची बाजू आणि उंबरासुद्धा तसाच धुवा. बहुतेक वेळा पहिला फवारा बाहेरच्याचाच असतो, आतला त्याला उत्तर देतो. आजूबाजूची भिंत मातीची असेल तर धुऊन उपयोग नाही, बोटभर माती खरवडून नव्यानं सारवा. नंतर तिथं दोन आठवडे जेवणाची ताटली ठेवा. जेवायच्या जागी मांजर सहसा फवारत नाही.

---

पशुवैद्य, वऱ्हाड

वरचं सगळं करा, पण आधी मुताचं नीट पाहा. उभ्या जागेवर थोडेसे ओघळ, शेपूट ताठ आणि थरथरती, तर ती खूण आहे. जमिनीवर बसून मोठं डबकं केलं तर ते घमेलं नापसंत असल्याचं किंवा मूत्राशयाच्या त्रासाचं लक्षण. दोन मांजरांना तीन घमेली लागतात, आणि एकही मागच्या खिडकीशी नको. बोका मात्र वारंवार घमेल्यात बसतोय, कण्हतोय आणि थेंबच येतोय, असं दिसलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना. मूत्रमार्ग बंद होऊन एक-दोन दिवसांत जीव जातो. घरात ताण आला की नर मांजरांत हे उद्भवतं.

ऑपरेशन झालेलं मांजर फवारत नाही असं समजू नका. साधारण दहातला एक नर आणि वीसातली एक मादी ऑपरेशननंतरही फवारते. आता दोघं वेगळी ठेवलीत की कोण फवारतंय तेही कळेल.

कानाची जखम: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्यानं दिवसातून दोनदा पुसा. मांजराच्या नखाची, दाताची जखम वरून मिटते आणि आत दोन ते चार दिवसांनी पू होतो. सूज, ताप, खाणं सोडणं दिसलं तर दाखवा. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, एक गोळीसुद्धा मांजराला मारते.

गजांमधून बाहेरच्याशी पंजापंजी झाली असणार, म्हणून लशी तपासा. तीन रोगांची एकत्रित लस (पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी) आणि रेबीजची वेगळी. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलांच्या तळव्याला लागूनही घरात येतो आणि जागेवर वर्षभर टिकू शकतो, तेव्हा परसातल्या चपला छपरीतच काढा. तुम्हाला कोणाला चावा किंवा ओरखडा लागला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

बाहेरच्या पिवळ्याला मारून हाकलणं, पोत्यात भरून दुसऱ्या गावाला सोडणं करू नका. रिकाम्या जागेत दुसरा येतो. तो गावातलं धान्य उंदरांपासून राखतो, राहू द्या, पण त्याचं ऑपरेशन करा. गालफुगा म्हणजे पूर्ण वाढलेला, ऑपरेशन न झालेला नर. ऑपरेशन झालं की दहातले जवळपास नऊ नर फवारणं आणि भांडणं सोडतात, बरेचसे लगेच, काही दोन-चार महिन्यांत. मुताचा उग्र वासही उतरतो. ऑपरेशननंतर काही आठवडे पिल्लं होऊ शकतात एवढं ध्यानात ठेवा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी गुरांचंच काम जास्त असतं. तिथं जमलं नाही तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

पकडताना खटक्याचा पिंजरा, आत पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला सुकटाची मूठ. दोन दिवस खटका बांधून ठेवा, त्याला आत जाऊन खाण्याची सवय होऊ द्या, तिसऱ्या संध्याकाळी खटका सोडा. अडकला की लगेच पिंजऱ्यावर पोतं टाका, अंधारात तो निपचित बसतो. पिंजरा मागच्या खिडकीसमोर नको, कोठ्याच्या पल्याड लावा. भाटीला तो दिसला किंवा त्याचं ओरडणं ऐकू आलं, तर तिचे हे दोन आठवडे वाया जातील.