बाळ बारा दिवसांचं, सिकलची (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी 'निगेटिव्ह'. विश्वास ठेवायचा का?

गडचिरोलीचा मामा:
माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ नऊ महिन्यांचं होऊन तापानं गेलं. तेव्हा सिकलचं नावही कुणी काढलं नाही. या खेपेला तपासलं तर ती आणि जावई दोघंही वाहक, एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेले. परवा बाळाच्या टाचेतलं रक्त नळीत टाकलं. पाणी स्वच्छ राहिलं, मागच्या रेघा स्पष्ट दिसल्या. "निगेटिव्ह आहे, काळजी नको," म्हणाले. घरचे निर्धास्त झालेत, मला झोप नाही.

लॅबवाला, चंद्रपूर:
दादा, ही नळीतली तपासणी, सोल्युबिलिटी, या वयात चालतच नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात बहुतेक गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ असतं. सिकलचं हिमोग्लोबिन, म्हणजे एस, इतकं थोडं की असलं तरी पाणी गढूळच होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नका, एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्या. टाचेतले थेंब तपासणीच्या जाड कागदावर घेऊन वाळवले की नमुना लांबच्या लॅबलाही पाठवता येतो, बाळंतिणीला हेलपाटा नाही. दोघं वाहक म्हणजे दर खेपेला एसएसची, म्हणजे दोघांकडूनही सिकलचं जनुक येऊन बाळाला आजार होण्याची, शक्यता २५ टक्के.

सिकलवाल्या लेकीची आई, नागपूर:
मामा, तुमचं पहिलं बाळ डोक्यातून जात नाही. माझ्या लेकीचं आठव्या महिन्यात कळलं. दोन्ही हातांची बोटं टम्म सुजली होती आणि ती पडली असेल म्हणून मी हळद लावत बसले. एसएस निघालं तर दोन-तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, एकही दिवस न चुकवता. १९८६ साली अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात त्यानं गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरची) लसही घ्या. आणि डाव्या बरगडीखाली पांथरी (प्लीहा) कशी चाचपायची ते डॉक्टरांकडून शिका. ती अचानक वाढली, बाळ पांढरं पडलं, की तसंच उठून दवाखाना गाठायचा.

गडचिरोलीचा मामा:
ताई, पहिल्या बाळाचंही शेवटी तसंच झालं होतं, पांढरंफटक. २०२३ च्या केंद्राच्या मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. आमच्या आशाताईच्या वहीतही वाहक किती, ग्रस्त किती, सगळं लिहिलेलं आहे. शिबिराच्या आधीच गेलेलं लेकरू त्यात कुठंच नाही. मग आमच्या भागात सिकल किती, हे नकाशावर खरं कसं उमटणार? असो. पेनिसिलिन आत्ताच सुरू करू का?

लॅबवाला, चंद्रपूर:
ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. नमुना उद्याच पाठवा, दोन महिने व्हायच्या आत निकाल हातात हवा.