मदत हवी आहे: बर्फ जेमतेम, क्रॉस-कंट्री स्कीइंगची हौस दांडगी

नमस्कार मंडळी,

इथे क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारं कोणी आहे का? लिफ्टने वर जाऊन सुसाट खाली येतात ते नव्हे, सपाटीवर, चढावर, उतारावर स्वतःच्या पायांनी आणि हातातल्या काठ्यांच्या, म्हणजे पोलच्या जोरावर जायचं, बुटाची टाच मोकळी असते, ते. गेल्या हिवाळ्यात शिकले, तेव्हा बर्फ ढिगाने होता आणि इतकं वेड लागलं की सीझन संपता संपता स्वतःच्या स्कीज घेऊन टाकल्या. आता यंदा बघावं तर बर्फाने पार पाठ फिरवलीये. पडतो तो चार बोटं, लगेच पाऊस नाहीतर ऊन, निम्मा वाहून जातो आणि उरलेल्याचा रात्री पत्रा होतो. जंगलातले ट्रॅक बंद. चालू आहे तो एकच कृत्रिम बर्फाचा लूप, जेमतेम किलोमीटरभर, आजूबाजूला चिखल, मधे ती पांढरी पट्टी आणि त्यावर ही गर्दी, घाण्याला जुंपल्यासारखं गोल गोल फिरायचं.

तर जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. एवढ्याशा बर्फात लूप सोडून दुसरीकडे जाता येतं का आणि जायचं तर जागा कशी ओळखायची? माझ्या स्कीज क्लासिकच्या (दोन्ही स्की समांतर ठेवून जायच्या) आहेत, तळाला मधल्या भागात पकडीसाठी मोहेरची, म्हणजे बकरीच्या केसांची, पट्टी असलेल्या, स्किन स्की म्हणतात त्या. त्या खडे, माती, गवतावरून गेल्या तर वाट लागेल का? कडक झालेल्या बर्फावर चढाला पाय मागे सटकतो आणि उतारावर तर जीव मुठीत धरून उभं राहावं लागतं, ह्याला काही उपाय? शिवाय जवळचं एक तळं गोठलंय, त्यावर लोक जाताना दिसतात, जावं का? घरच्यांचं म्हणणं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघ. मला नाही राहवत.

आगाऊ धन्यवाद.

जुनीस्की:

अहो राहू कशाला द्यायचं! कमी बर्फाच्या सीझनला बर्फ किती पडलाय हे नंतर बघायचं, बर्फाखाली काय आहे ते आधी. खाली बारीक कापलेलं गवत असेल तर दहा-बारा सेंटिमीटर दबून बसलेला बर्फ पुरतो, आणि दगडगोट्यांची, झाडांच्या मुळांची पायवाट असेल तर तिप्पट पडला तरी कुठून तरी एक दगड डोकं वर काढतोच. म्हणून हिरवळीची मैदानं, मोठ्या बागा, कापणी झालेली गवताची कुरणं शोधा. गोल्फ कोर्स पण चालतो, विचारून जायचं आणि ग्रीन्सवर (भोकाभोवतालच्या हिरवळीवर) अजिबात नाही, तिथलं गवत फार नाजूक. नांगरलेलं शेत मात्र नको, वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि ढेकळं आत दबा धरून बसलेली असतात. जंगलातच जायचं असेल तर पायवाट सोडून लाकडाच्या गाड्या जातात तो कच्चा रस्ता धरा, तो निदान सपाट केलेला असतो.

झाडांचं गणित असं की देवदार, पाइन असली झाडं पडणारा बराचसा बर्फ फांद्यांवरच अडवतात, त्यामुळे नुकताच पडलेला असतो तेव्हा दाट झाडीखाली कमी आणि मोकळ्यावर जास्त. पण मोकळ्यावरचा ऊनवाऱ्याने लवकर जातो, सावलीतला टिकतो. म्हणजे पडल्या पडल्या मैदान गाठायचं आणि चार-आठ दिवसांनी उत्तरेकडच्या उताराची सावली. (तुम्ही पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात असाल तर दक्षिणेकडची.) कुंपणांच्या आडोशाला वाऱ्याने बर्फ साठतो, मी तर मैदानाच्या कडेकडेने त्या पट्ट्यातूनच जातो, मधे हिरवं गवत दिसत असतं आणि कडेला मजेत सरकता येतं.

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही म्हणता तो पत्रा सकाळी पत्राच असतो, पण ऊन लागलं की वरचा पातळसा थर मऊ पडतो, खालचं अजून घट्ट असतं, तो तास-दीड तास गाठायचा. त्यानंतर नुसता गाळ. रोज थर्मामीटर बघायची सवय लागेल तुम्हाला, घरचे हसतील, हसू द्या. आणि ताजा बर्फ पडला तर त्याच दिवशी जा, शनिवारची वाट बघाल तर शनिवारी चिखल.

किलोमीटर मोजायचं मात्र यंदा सोडून द्या. स्वीडनमधली वासालोपेट, सेलेन ते मूरा ९० किलोमीटर, १९२२ पासून चालू असलेली शर्यत, तीसुद्धा बर्फ नाही म्हणून १९३२, १९३४ आणि १९९० साली रद्द करावी लागली होती. जिथे लोक जन्मतःच स्कीवर उभे राहतात तिथली ही गत, आपण कोण.

घसरगुंडी:

जुनीस्की, सगळं पटलं, पण त्या लूपला एवढी नावं का ठेवताय सगळे? विस्कॉन्सिनची अमेरिकन बर्कबायनर, २०२४ ला बर्फच नव्हता तर त्यांनी १० किमीचा कृत्रिम बर्फाचा लूप करून त्यावर शर्यत घेतली. रद्द करण्यापेक्षा बरं की. फिनलंडमधे वुओकाट्टीला तर १९९७ पासून स्कीचा बोगदा आहे, बाहेर उन्हाळा आणि लोक आत त्याच त्या बोगद्यात ये-जा करतायत, कोणी तक्रार करत नाही.

बाकी माझं मत विचाराल तर रोलर स्की (चाकांच्या स्की) घ्या. डांबरी रस्ता कुठेही मिळतो. (हलकेच घ्या, पण घ्याच.)

जुनीस्की:

बहुतेक रोलर स्कीला ब्रेक नसतात हे सांगायचं राहिलं का मुद्दाम? नवशिक्या माणसाला डांबरावर ढकलू नका हो. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, पोलला कार्बाइडची टोकं आणि उतार नसलेला, रहदारी नसलेला रस्ता, एवढं असेल तरच. आणि ते उन्हाळ्यासाठी ठीक आहे, आत्ता रस्त्यावर जागोजागी बर्फ गोठलेला असताना नको.

मेणबत्ती:

स्कीजबद्दल मी लिहितो, बाकीचं वर आलंच आहे.

तळावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे आले तर जीवाला लावून घेऊ नका, त्याने फार फरक पडत नाही. आडवे ओरखडे वेग खातात. आणि खोल खड्डा पडून आतलं वेगळ्या रंगाचं मटेरियल दिसायला लागलं तर मात्र ताबडतोब भरायचं, कारण तिथून पाणी आत शिरतं आणि थर सुटायला लागतात. भरायला पी-टेक्सची (तळाच्याच जातीच्या प्लास्टिकची) कांडी मिळते, पेटवून थेंब थेंब टाकायचा, गार झाला की पातं फिरवून सपाट करायचं (माझ्या आयडीचं मूळ तिथेच). ह्या खेळातले बहुतेक जुने लोक एक जुनाट जोडी फक्त दगडधोंड्यांसाठी ठेवतात. कोणाकडे वापरलेली, तळाला खवले असलेली वॅक्सविरहित (पकडीसाठी मेण लावावं न लागणारी) स्की मिळाली तर बघा, लांबी आणि तुमचं वजन जुळायला हवं एवढंच. यंदासारख्या हिवाळ्यात ती खरी कामाची, आणि तुमच्या नव्या स्कीज लूपवर वापरा.

तुमच्या मोहेरच्या पट्टीचा खरा शत्रू खडे नाहीत, पाइनच्या सुया आणि झाडाचा चीक. बर्फ पातळ झाला की वरचा सगळा कचरा पृष्ठभागावर येऊन बसतो, केसांत एक सुई आडवी अडकली तरी स्की एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. थांबायचं, स्की काढून उलटी धरायची, केसांच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून शेपटीकडे, हात फिरवायचा, सुई हाताला लागते. उलट्या दिशेने खरवडू नका. घरी आल्यावर स्किन क्लीनर आणि कापड.

चढाला सटकतं ते दोन कारणांनी. एक तर मोहेर कडक बर्फाला धरून राहत नाही, तो तिचा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. दुसरं म्हणजे पट्टी बर्फाला टेकतच नसेल. क्लासिक स्की मधे कमानीसारखी उचललेली असते, सगळं वजन एका पायावर आलं तरच ती कमान दबते आणि पट्टी टेकते. बहुतेक नवे लोक दोन्ही पायांवर निम्मं निम्मं वजन ठेवून चालतात आणि मग सटकते. तुमचं बाइंडिंग (बूट अडकतो तो भाग) पुढे-मागे सरकणारं असेल तर एक-दोन खाचा पुढे घेऊन बघा, पकड वाढते, थोडी ग्लाइड, म्हणजे सरकण, जाते. एवढं करूनही होत नसेल तर सरळ स्कीजचा व्ही करून हेरिंगबोनने चढा, त्यात कमीपणा नाही.

वॅक्सवाल्या स्कीजना असल्या बर्फावर क्लिस्टर लावतात, ट्यूबमधून येतं, भयंकर चिकट. पकड अशी की विचारू नका, पण ते हाताला, बुटाला, गाडीच्या सीटला, सगळीकडे लागतं, आणि वाटेतली प्रत्येक सुई गोळा करून आणतं. तुम्हाला त्या वाटेला जायची गरज नाही. पट्टीवर तर कुठलंच वॅक्स नको. ग्लाइड वॅक्स फक्त पुढच्या आणि मागच्या भागाला, आणि कृत्रिम बर्फावर जात असाल तर जरा जास्त वेळा, कारण तो बर्फ म्हणजे गोल, घट्ट दाणे, चांदणीच्या आकाराचे कण नव्हेत, सँडपेपरगत वॅक्स खाऊन टाकतो. कोणी कपाटातलं जुनं फ्लोरोचं वॅक्स देऊ केलं तर नको म्हणा, एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या सीझनपासून स्पर्धांमधे त्यावर पूर्ण बंदी घातलीये, ती रसायनं पाण्यात, मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात.

धागाकर्ती:

बापरे, किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. वजनाचं वाचून लगेच उठून बसायच्या खोलीतच एका पायावर उभं राहून बघितलं, डावा पाय चक्क थरथरतो. मेणबत्ती, तुमचं निदान बरोबर असावं.

उतार आणि तळं राहिलं, त्याबद्दल कोणी सांगेल का? आणि एक शंका, लूपवर बर्फ करायला मशीन आहे तर रोज का नाही करत? शून्याखाली तर जातंय तापमान.

घसरगुंडी:

नुसतं शून्य पुरत नाही. वेट बल्ब तापमान बघतात, म्हणजे हवेतला दमटपणा धरून, ते उणे दोन-तीनच्या खाली गेलं की मशीन चालवण्यात अर्थ. हवा कोरडी असेल तर साध्या थर्मामीटरवर शून्याच्या आसपास असतानाही जमतं, आणि धुकं असेल तर उणे एकलाही नुसता चिखल फवारला जातो. म्हणून ते थंड कोरड्या रात्रीची वाट बघतात. स्वित्झर्लंडमधे दावोसला तर उन्हाळाभर बर्फाचा डोंगर लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरअखेर तोच पसरून ट्रॅक सुरू करतात. बर्फ साठवून ठेवायची कल्पना जुनीच आहे, फक्त आता स्कीसाठी.

जाता जाता, लूपवर फावडं मारायला माणसं हवी असतात, सावलीतला बर्फ उचलून उघड्या पडलेल्या ठिकाणी टाकायचा. विचारून बघा. दोन फेऱ्या कमी होतील पण तिथली जुनी मंडळी ओळखीची होतात आणि कुठल्या कुरणावर आज बर्फ आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

जुनीस्की:

तळ्याबद्दल जरा कडक बोलतो. लोक जातायत हे कारण नव्हे. एका माणसाला पायी जायला निदान १० सेंटिमीटर स्वच्छ, काळसर, पारदर्शक बर्फ लागतो असं साधारण धरतात. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा समजायचा. आणि वर हिम पडलं की ते पांघरुणाचं काम करतं, खालचा बर्फ जाड व्हायचा वेग मंदावतो. ओढा येऊन मिळतो ती जागा, पुलाखाली, पाणवनस्पतींच्या कडेला, तिथे कायम पातळ. पाऊस, ऊन, पुन्हा गोठणं असं चाललेल्या वर्षी एका जागी जाडी मोजून दुसऱ्या जागेचा भरवसा धरता येत नाही. तुमचं वर्णन वाचून माझं उत्तर, यंदा नको. कधी गेलातच तर एकट्या नाही, गळ्यात बर्फाचे खिळे (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायला) अडकवून, पोलचे पट्टे मनगटातून काढून.

उतारावर: ह्या स्कीजना धातूची कड नसते, त्यामुळे पत्र्यावर नांगर करून (पुढची टोकं जवळ, शेपट्या लांब) थांबायचा भरवसा नाही. कडेला मऊ बर्फ असेल तिकडे एक स्की टाका, ती वेग खाते. तेही नको वाटलं तर स्कीज काढून चालत उतरा, मात्र ट्रॅकच्या बाहेरून, बुटांचे खड्डे पडले की मागून येणारे शिव्या घालतात. वाटेत काळा ठिपका दिसला, म्हणजे माती किंवा गवत, तर स्की तिथे अचानक अडते आणि अंग पुढे जातं. आधीच गुडघे सैल सोडायचे, एक पाय पुढे, वजन किंचित टाचांकडे.

आणि त्या लूपचं असं करा, तिथे पोल काढून ठेवा. खरंच. पोलशिवाय फेऱ्या मारा, हात पुढे-मागे मोकळे सोडून. पहिल्यांदा काहीच पुढे जात नाही, सगळे ओलांडून जातात, लाज वाटते. मग कधीतरी पाय दाबला जातो, स्की बरोबर त्या क्षणी धरते आणि दुसऱ्या पायावर आपण सरकत जातो, मोजलं तर अंगाच्या लांबीएवढंच, पण ते पायाला कळतं. भरपूर बर्फात हे शिकायला कोणी थांबत नाही, सगळे फिरायला निघून जातात. तो थरथरणारा डावा पाय तिथेच सुधारेल.

धागाकर्ती:

तळं रद्द. पोल काढून आजच गेले होते, लहान मुलं ओलांडून गेली हो! पण सरकले, दोन-तीनदा नक्की सरकले. फावड्याचंही विचारलं, या म्हणाले.

मेणबत्ती, शेवटचा प्रश्न, पट्टी ओली होऊन आली की हीटरवर ठेवली तर चालेल का?

मेणबत्ती:

नाही! आतला गोंद सुटतो. कापडाने टिपा आणि साध्या खोलीत उभ्या ठेवा, तळ भिंतीला न चिकटवता, सकाळपर्यंत वाळतात. आणि दुसऱ्या दिवशी थेट गरम खोलीतून बर्फावर नेऊ नका, पाच-दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या, नाहीतर पट्टीवर बर्फाचे गोळे धरतात.