वंशावळीत बाप मेल्यावर पाच वर्षांनी मुलगा जन्मलेला दाखवलाय, दुरुस्त कसं करायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. आमच्या थोरल्या चुलत आजोबांनी 1974-75 च्या सुमाराला घराण्याची वंशावळ हाताने लिहून काढली होती, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, झाडासारखी, आणि ती अजून वाड्यात देवघराशेजारी फ्रेम करून लावलीय. आता मी ती कॉम्प्युटरवर घेतोय, नव्या पिढीतली नावं घालतोय. त्यात एक जागा काही केल्या जुळत नाहीये.

नावं बदलून लिहितो. वंशावळीत माझे पणजोबा 'रामा बिन धोंडी', म्हणजे धोंडीचा मुलगा रामा, असे आहेत. धोंडी प्लेगमधे गेला हे घरात सगळ्यांनी ऐकलंय, आणि मी गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरातून (गाव नमुना 14) त्याच्या मृत्यूची नोंद काढली, ती निघाली 1902 ची. पण पणजोबांच्या शाळेचा दाखलखारिज उतारा मिळाला त्यात जन्म 1907 चा आहे!! आणि त्याच उताऱ्यात बापाचं नाव धोंडी नाहीच, 'रामा बिन बाळा' असं आहे, शाळेत नाव घातलं 1913 ला. बाळा म्हणजे धोंडीचा सख्खा भाऊ.

माझा चुलतभाऊ म्हणतो सरळ आहे, आजोबांची चूक झाली, धोंडीची रेघ काढून बाळाखाली जोड. पण आमचे अण्णा (वय 86, आजोबांचे धाकटे भाऊ) हे ऐकून इतके दुखावले की दोन दिवस धड बोलले नाहीत, म्हणाले दादानं गावोगाव सायकलनं फिरून हे गोळा केलंय, तुम्ही एका कागदावरनं खोटं ठरवताय. मला त्यांना दुखवायचं नाहीये आणि चुकीचंही पुढं न्यायचं नाहीये. काय करू?

---

जुना_दप्तरी

आधी एक सांगतो, रेघ पुसू नका. तुमचा शाळेचा उतारा पण खरा असू शकतो आणि आजोबांची वंशावळ पण खरी असू शकते, दोन्ही एकाच वेळी.

दत्तक बघा. आत्ता आपल्याला दत्तक म्हटलं की जिवंत नवराबायको मूल घेतात असं डोळ्यासमोर येतं, पण तेव्हा मुंबई इलाख्यात भावांपासून विभक्त झालेल्या नवऱ्याची विधवा त्याच्या परवानगीशिवाय सुद्धा दत्तक घेऊ शकायची, आणि तो मुलगा तिच्या मेलेल्या नवऱ्याचाच मुलगा धरला जायचा. म्हणजे बाप 1902 ला गेला आणि मुलगा 1907 ला जन्मला तरी कागदावर तो त्याचाच मुलगा, त्याचाच वारस, पिंड देणारा. नवऱ्याचं घर बुडू नये म्हणून दिराचा मुलगा मांडीवर घेणं तर घरोघरी होतं. तुमच्या केसमधे बाळा सख्खा भाऊ आहे म्हटल्यावर मला तरी दुसरं काही वाटत नाही. 1913 ला शाळेत घातला तेव्हा तो बाळाचा होता, नंतर कधीतरी धोंडीचा झाला.

हे पक्कं करायचं तर जमिनीचे कागद काढा. धोंडीच्या वाट्याची जमीन कुणाच्या नावावर गेली तेवढं बघायचं. जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर पण आहेत, गाव आणि गट किंवा जुना सर्व्हे नंबर टाकून शोधता येतं. वाचताना 'कोम' आणि 'अ.पा.क.' हे दोन शब्द शोधा. कोम म्हणजे अमक्याची बायको, म्हणजे धोंडीच्या बायकोचं नाव 'अमकी कोम धोंडी' असं येणार. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मुलगा लहान असला की त्याच्या नावापुढं ते लिहून आईचं नाव घालतात. हे दोन शब्द सापडले की अर्धं काम झालं समजा.

अजून एक, तासगाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं सांगली झालं. त्यामुळं जुना कागद शोधताना साताऱ्याचं नाव बघून गोंधळू नका. आणि कुणी पाहुणे मिरज, जत अशा गावचे असतील तर ती संस्थानं होती, त्यांचं दप्तर निराळं.

---

मोडीवेडा

वरच्यांशी पूर्ण सहमत. त्यात भर म्हणून, घरातल्या ट्रंका, कोनाडे, जुनी कापडी दप्तरं सगळं उपसा. दत्तकपत्र घरातच असण्याची शक्यता जास्त, आणि ते मोडीत असेल म्हणून आजवर कुणी वाचलं नसेल. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि खाली अक्षरं लिहीत जातात, शब्दात जागा सोडत नाहीत, र्‍हस्वदीर्घ पाळत नाहीत, त्यामुळं नाव वाचताना घाई करायची नाही, तेच अक्षर त्याच माणसानं दुसरीकडं कसं काढलंय ते बघून ठरवायचं.

तारखेचं पण सांभाळा. कागदावर शके असेल तर नुसते 78 मिळवून मोकळे होऊ नका. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी बहुतेक इंग्रजी नव्या वर्षात जाते, तिथं 79 मिळवायचे. सोबत संवत्सराचं नाव असतंच, ते ताडून बघितलं की आकडा चुकीचा वाचला असेल तर लगेच कळतं. फोटो काढला तर सावली न पाडता, उजेडात, पूर्ण पानाचा काढा, मला मेसेज करा, वाचून देतो, पैसे वगैरे काही नको.

---

माहेरवाशीण

मला वेगळंच विचारायचंय. धोंडीच्या बायकोचं नाव काय?? तुमच्या पूर्ण पोस्टमधे ते नाही, म्हणजे फ्रेममधे पण नसणार. जिनं दत्तक घेतलं असेल तिच्यामुळं तुमची ती फांदी उभी आहे आणि तिचंच नाव झाडावर नाही. माझ्या माहेरच्या वंशावळीत पण असंच होतं, सहा पिढ्या आणि एक बाई नाही, मी आत्यांना फोन करकरून चौदा जणींची नावं मिळवली, काहींची माहेरची गावं पण. प्लीज तिचं नाव शोधा आणि घाला.

तुमच्याकडं हेळवी येतात का अजून? आमच्याकडं सुगी झाली की बैलावर बसून यायचे, दारात उभं राहून घराण्याची नावं म्हणून दाखवायचे, आता टेम्पोनं येतात पण चोपडी तीच. आमच्या हेळव्यानं माझ्या आजेसासऱ्यांच्या दोन्ही बायकांची नावं वाचून दाखवली होती, घरात पहिलीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तसंच पंढरपूर, नाशिकला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारून त्यांची वही बघा, अस्थी घेऊन गेलेल्यांनी स्वतःच्या हातानं नावं लिहिलेली असतात.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला पण बरंच काही घडलं म्हणून सविस्तर लिहितोय.

फेरफार आधी सापडला. 1926 चा. शाई फिकी झालीय पण वाचता येतं, 'तानू कोम धोंडी मयत, वारस दत्तक मुलगा रामा'. एवढंच. मी तहसीलच्या बाकावर बसून ती ओळ किती वेळा वाचली असेल सांगता येणार नाही. मग अण्णांना फोन लावून वाचून दाखवली. पलीकडनं बराच वेळ आवाज आला नाही आणि मग म्हणाले, तानूआजी, हां, म्हातारी तानू, आमची आई तिच्या नावानं नैवेद्य काढायची. म्हणजे त्यांना नाव माहीत होतं! आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर अण्णांनी स्वतःच माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात गुंडाळी करून सुतळीनं बांधलेला मोडी कागद निघाला, मोडीवेडा यांनी एका रात्रीत वाचून पाठवला. शके 1836, आनंदनाम संवत्सर, माघ महिना, म्हणजे 1915 चं साल. बाळानं आपला मुलगा भावजयीला दत्तक दिल्याचं पत्र, आणि शेवटी तानूबाईच्या नावापुढं बांगडीची निशाणी आहे, सहीच्या जागी काढलेला छोटासा गोल. तिच्या हातचं एवढंच घरात उरलंय.

म्हणजे आजोबांची वंशावळ बरोबर होती, शाळेचा उतारा पण बरोबर होता. चुलतभावाला पण पटलं, त्यानंच आता ड्रॉइंग करायला घेतलंय. रामाची रेघ धोंडी आणि तानूकडून तशीच राहील, आणि बाळाकडून एक तुटक रेघ येईल, जन्मदाता म्हणून. प्रत्येक नावाला नंबर दिलाय आणि मागच्या पानावर त्या नंबरपुढं पुरावा कुठला ते लिहितोय, फेरफार, शाळा, की नुसतं अण्णांनी सांगितलेलं. नुसतं सांगितलेलं असेल तर कुणी, कधी सांगितलं ते पण. आजोबांची फ्रेम आहे तिथंच राहणार, तिला हात लावलेला नाही.

हे करताना एक खरी चूक मात्र सापडली. तीन पिढ्या वर 'गणू' एकदाच आहे, पण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळं ते दोन गणू असावेत असं वाटतंय, मधल्या दोन पिढ्या गळाल्यात, कारण बापलेकात जवळजवळ साठ वर्षांचं अंतर पडतंय. त्यावर अजून कागद नाही म्हणून तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह ठेवलंय. अण्णांनीच ठेवायला सांगितलं.

@माहेरवाशीण, तानूबाईचं नाव घातलं. माहेर अजून कळलेलं नाही. अण्णा म्हणतात हेळवी आमच्याकडं येणं बंद होऊन पंधरावीस वर्षं झाली, पण शेजारच्या गावात येतात, ज्वारी निघाली की. तिथल्या पाहुण्यांना सांगून ठेवलंय, आले की निरोप द्या, अण्णांना गाडीत घालून मी घेऊन येतो.