पर्सी जॅक्सन : ल्यूकची तक्रार खरी होती आणि देव फार स्वस्तात सुटले

तापीकाठ (धागाकर्ती)

स्पॉयलर भरपूर आहेत. पाचवं पुस्तक बाकी असेल त्यांनी आधी ते संपवावं, मग भांडायला यावं.

रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेची मूळ पाच पुस्तकं (२००५ ते २००९) मी भाचीकडून ढापून वाचली. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रीक देव अजून आहेत, सध्या मुक्काम अमेरिकेत. ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. या देवांना माणसांपासून मुलं होतात आणि ती राक्षसांच्या तोंडी पडू नयेत म्हणून लाँग आयलंडवर त्यांची छावणी आहे. बारा वर्षांचा पर्सी समुद्रदेव पोसायडनचा मुलगा निघतो. त्याच छावणीतला ल्यूक, देवांचा निरोप्या हर्मिसचा मुलगा, देवांवर उलटतो आणि क्रोनसला, म्हणजे देवांनी पूर्वी हरवलेल्या टायटनांच्या राजाला, परत आणायला निघतो.

माझं म्हणणं असं की ही मालिका राक्षसांची आणि तलवारींची नाहीच. ती न आलेल्या आईबापांची आहे. ज्याला त्याचा देव 'हे माझं' म्हणून खूण देतो, त्याला त्या देवाची केबिन. ज्याला कुणीच विचारत नाही तो हर्मिसच्या केबिनमध्ये, जमिनीवर जागा सापडेल तिथे. पहिलंच पुस्तक काढून बघा. झ्यूसची केबिन रिकामी, हेराची रिकामी, चांगल्या संगमरवरी, आणि थोड्याच अंतरावर पोरं एकमेकांना खेटून खाली झोपलेली. लेखक हे हसत हसत सांगून जातो, म्हणून पटकन लागत नाही.

ल्यूक याचाच जाब विचारतो. त्याची फितुरी, त्यानं घेतलेले जीव, काही काही माफ नाही. पण प्रश्न बरोबर होता ना? मग शेवटी काय होतं? ल्यूक मरतो. देव पर्सीला अमर करायला निघतात, तो नको म्हणतो आणि त्याऐवजी मागतो की प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षापर्यंत ओळख द्या. देव स्टिक्स नदीची, म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात पक्की, शपथ घेतात. टाळ्या.

अहो, पण याच नदीची शपथ झ्यूस आणि पोसायडननं दुसऱ्या महायुद्धानंतर घेतली होती, की आता मुलं होऊ देणार नाही. दोघांनी मोडली. भोगलं कुणी? झ्यूसच्या मुलीनं, थालियानं. टेकडीवर मरता मरता तिचं पाइनचं झाड झालं. बापाच्या केसालाही धक्का नाही. त्या शपथेवर मी विश्वास ठेवायचा?

बोला आता.

भुसावळ जंक्शन

ताई, मराठी वाचकाला असल्या पोरांचं वकीलपत्र घ्यायची खोडच आहे. १९६७ मध्ये 'मृत्युंजय' आली तेव्हापासून आपण कर्णासाठी रुमाल काढून बसलोय आणि ज्याला बापानं विचारलं नाही तो प्रत्येक जण आपल्याला कर्णच दिसतो.

ल्यूक कर्ण नाही. कर्ण समोर उभा राहून लढला. ल्यूकनं बारा वर्षांच्या पोराला मैत्री दाखवून पंखांचे बूट दिले. ते बूट घालणाऱ्याला सरळ पाताळातल्या टार्टारसच्या खड्ड्याकडे ओढून नेणारे होते. पर्सीच्या पायात नव्हते म्हणून तो वाचला. तेही फसलं तर शेवटी जंगलात नेऊन विंचू सोडला. हा अश्वत्थामा आहे, रात्री छावणीत घुसून झोपलेली पोरं मारणारा. आणि अश्वत्थाम्याचा रागही खराच होता बरं! द्रोणाला खोटं बोलूनच शस्त्र खाली ठेवायला लावलं होतं. म्हणून द्रौपदीच्या पाच पोरांचा हिशेब सोडून द्यायचा का?

तापीकाठ

अश्वत्थामा काढलात ते बरं केलंत. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून माणसं अस्तंब्याचा डोंगर चढतात ती कुणासाठी? कपाळाच्या जखमेला तेल मागत तो अजून सातपुड्यात फिरतो म्हणतात, आणि आपली माणसं रात्रीची चालत त्याला भेटायला जातात. त्याचं पाप कुणी नाकारत नाही. पण वर्षातून एकदा का होईना, त्याच्याकडे जातात. लेखकाकडून मला ल्यूकसाठी एवढंच हवं होतं.

मेहरूण

एक विनंती, फक्त सिनेमा बघून कुणी मत देऊ नका. २०१० च्या सिनेमात पर्सीला थेट सोळाचा करून टाकलाय. थोरल्या देवाचं पोर सोळाचं झालं की ऑलिंपसचा निकाल लागणार अशी भविष्यवाणी आहे, त्यामुळे पाच पुस्तकांची वाटच पहिल्या फटक्यात बुजली. २०२३ ला सुरू झालेली वेब मालिका त्यामानानं बरी आहे. बाकी चालू द्या, मी भेळ घेऊन बसलोय.

अमळनेरचे गुर्जी

मला ल्यूकपेक्षा पर्सीचीच अडचण वाटते. या पोराला वाचता येत नाही, अक्षरं पानावर हलतात. एका जागी बसवत नाही. लेखक म्हणतो, काळजी नको: मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलाय म्हणून इंग्रजी जमत नाही आणि चंचलपणा म्हणजे रणांगणावरची सावधगिरी. वाचायला गोड आहे. पण माझ्या वर्गात 'ब' आणि 'व' मध्ये अडकणारा, फळ्यावरचं उतरवताना ओळ सोडणारा पोरगा बसतो, त्याचा बाप पोसायडन नाही, हमाल आहे. त्याला असली गोष्ट सांगून मी काय साधणार? त्याला तपासणी हवी, प्रमाणपत्र हवं, दहावीच्या बोर्डाकडून मिळणारा जादा वेळ आणि लेखनिक हवा. हे न करता 'तू खास आहेस रे' म्हणणं मला फसवणूक वाटते.

केळीचं पान

गुर्जी, तुमच्याबद्दल आदर ठेवून, पण नाही पटलं.

मन्हा पोऱ्या तोच शे, तुमच्या वर्गातला. चौथीपर्यंत घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्याला 'वाचून दाखव बरं' म्हणायचा आणि पोऱ्या संडासात जाऊन बसायचा. तपासणी झाली, सगळं झालं. तरी पुस्तकाला हात लावत नव्हता. पर्सीची गोष्ट त्याला मीच रोज रात्री वाचून, अर्धी अहिराणीत फोडून सांगितली. म्युझियममध्ये गणिताच्या बाई एकदम राक्षसीण होतात, ते पान त्यानं नंतर बोट ठेवून ठेवून स्वतः वाचलं. का, तर त्याला गणिताच्या बाईंबद्दल खात्री करून घ्यायची होती.

रायर्डन स्वतः शाळेत शिकवत होते आणि ही गोष्ट आधी त्यांनी आपल्या मुलालाच सांगितली. त्या मुलाला हीच अडचण होती. प्रमाणपत्र कागदाचं काम करतं हो. पोऱ्याला पुस्तकात आपल्यासारखा कुणी तरी दिसायला नको?

अमळनेरचे गुर्जी

तुम्ही रोज रात्री वाचून दाखवलंत, ते काम तुमचं आहे, पुस्तकाचं नाही. ज्याची आई वाचून दाखवू शकत नाही त्याच्याबद्दल मी बोलतोय.

खापरावरचे मांडे

वेगळा मुद्दा. यातले देव इतके थिल्लर का? मद्याचा देव डायोनिसस छावणीचा मुख्य, त्याला शिक्षा म्हणून दारूबंदी आणि तो दिवसभर डाएट कोक पीत पत्ते कुटतो. युद्धाचा देव मोटारसायकलवर. उद्या कुणी आपल्या देवांचं असं केलं तर आपण हसणार आहोत का? परक्यांचे देव आहेत म्हणून मजा वाटते.

केळीचं पान

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतो तेव्हा ती देवी असते की माहेरी आलेली लेक? सासरच्यांची उणीदुणी काढते, रुसते, सगळं करते. कानबाई श्रावणात रविवारी घरी येते, भाऊबंदकी जमते, रोट होतात, रात्रभर जागरण, दुसऱ्या दिवशी नदीवर. खान्देशातल्या बाईला देवाशी घरच्यासारखं बोलायची सवय आहे. डाएट कोकनं आमचं काही बिघडत नाही.

भुसावळ जंक्शन

शिवाय आपल्या पुराणांवरही असं झालंय. रायर्डन यांच्याच नावाच्या प्रकाशन-उपक्रमातून २०१८ मध्ये रोशनी चोक्शी यांच्या आरू शाह मालिकेचं पहिलं पुस्तक आलं, पांडवांचा पुनर्जन्म मुलींच्या रूपात. आभाळ कोसळलं नाही.

धडगावचा मास्तर

उशिरा आलो, रेंजचा प्रश्न. मी सातपुड्यात आश्रमशाळेत शिकवतो. मूळ मुद्द्यावर बोलतो कारण ही गोष्ट मी सातवीच्या पोरांना, थोडी मराठीत थोडी पावरीत, पावसाळ्यात रोज थोडी थोडी करून सांगितली आहे.

हर्मिसची केबिन माझ्या पोरांना समजावून सांगावी लागली नाही. दिवाळीनंतर यांच्यातल्या कित्येकांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते होळीला परततात. रविवारी कुणाला भेटायला कुणी येतं, कुणाला येत नाही. ज्याला कुणी आलं नाही तो नळावर उगाच कपडे धूत बसतो, धुतलेलेच परत.

तर मला वाटलं होतं, ताईंसारखीच ही पोरंही ल्यूकच्या बाजूनं जातील. एकही गेला नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "सर, त्याला आई होती ना?"

ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. पाचव्या पुस्तकात पर्सी ल्यूकच्या आईच्या घरी जातो. तिच्यात दैवी भविष्यवाणी उतरवायचा प्रयत्न फसून तिचं डोकं फिरलेलं. ती दारात आलेल्या कुठल्याही पोराला ल्यूक समजते. रोज त्याच्यासाठी सँडविच करून ठेवते, बिस्किटं भाजते, ती करपतात, आणि जुने डबे बुरशी येऊन तसेच साठलेले. ल्यूक नवव्या वर्षी तिथून पळाला. नऊ वर्षांच्या पोरानं पळावं यात नवल नाही, भ्रमिष्ट आईचे डोळे चमकले की तो घाबरायचा. पण मोठा झाला, सैन्य जमवलं, जहाज मिळवलं, सगळ्या जगाकडे बापाचा हिशेब मागितला. आईकडे काय मागायला गेला? क्रोनसला अंगात घ्यायचं म्हणून अंग अभेद्य करायचं होतं, त्याला तिचा आशीर्वाद लागत होता, तेवढ्यापुरता.

माझी एक पोरगी म्हणाली, "आला नाही त्याच्यावर एवढा राग, आणि वाट पाहते तिला एक दिवस नाही?" मला उत्तर आलं नाही. ताई, तुम्ही ल्यूकच्या तक्रारीत त्याच्या आईला कुठे बसवता?

तापीकाठ

सर, कपडे धुणाऱ्या पोराचं वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही. पण तुमच्या पोरांचे आईबाप आणि हर्मिस एका ओळीत बसत नाहीत. ते पोटासाठी कोयता घेऊन जातात आणि होळीला परततात. हर्मिस पंखांचे बूट घालून जगभर टपाल वाटतो. आणि तो त्या घरी एकदा गेलाही होता! ल्यूक चौदाएक वर्षांचा असताना, त्याच घरात, बापलेक समोरासमोर. काय म्हणाला? तुझं भविष्य मला माहीत आहे, पण सांगता येत नाही. पोराला एवढं कळलं की बापाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो काही करणार नाही. यापेक्षा तो आलाच नसता तर बरं.

आईचं म्हणाल तर तिला त्या अवस्थेत एकटं ठेवलं कुणी? नऊ वर्षांच्या पोरानं की देवानं?

धडगावचा मास्तर

एकटं ठेवलं देवानं. एकटं राहू दिलं ल्यूकनं. दोन्ही खरं.

मेहरूण

यात ईथन नाकामुरा सगळे विसरलात. सूडाची देवी नेमेसिस हिचा मुलगा, आईला एक डोळा देऊन बसला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की लहान देवांनाही सिंहासन द्या. ल्यूकपेक्षा त्याची बाजू सरळ होती. शेवटी क्रोनसवरच वार करून मेला, आणि त्याच्या वाट्याला दोन पानं आली.

तापीकाठ

+१. आणि आता माझा पुरावा. पर्सीनं शेवटी आणखी एक मागितलं होतं, की ज्या टायटनांनी काही केलं नाही त्यांना माफ करा. नाव घेऊन सांगितलं: कॅलिप्सो, टायटनाची मुलगी म्हणून बेटावर कैदेत पडलेली. देव हो म्हणाले. पुढच्या मालिकेत, २०१३ च्या पुस्तकात, कॅलिप्सो कुठे सापडते? त्याच बेटावर, कैदेतच. झाला ना निकाल? शपथेची किंमत किती ते लेखकानंच दाखवलं.

भुसावळ जंक्शन

ताई, हा पुरावा तुमच्यावरच उलटतो. तुमची तक्रार होती की लेखकानं देवांना सोडून दिलं. सोडून दिलं असतं तर कॅलिप्सोला गुपचूप विसरला असता. त्यानं मुद्दाम परत जाऊन देवांचा खोटेपणा उघडा पाडलाय. आणि पर्सीची मागणी कुठून आली? मरताना ल्यूकनंच सांगितलं होतं की पुन्हा असं होऊ देऊ नकोस, मी, ईथन, ज्यांना कुणी आपलं म्हटलं नाही ते सगळे. पर्सीनं त्याचाच अर्ज पुढे सरकवला. ल्यूक हरला, पण त्याचं म्हणणं मंजूर झालं.

तापीकाठ

मंजूर झालं आणि फायलीत पडलं! पाच पुस्तकांचा निकाल पाच पुस्तकांतच लागला पाहिजे. पाचव्याच्या शेवटी मुलांसाठी नव्या केबिनी उभ्या राहतायत, सगळे खुश, आणि वाचणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीला वाटतं की मोठ्यांनी शब्द दिला म्हणजे झालं. चार वर्षांनी दुसऱ्या मालिकेत 'अगं, ते खोटं होतं' सांगण्यात काय अर्थ?

अमळनेरचे गुर्जी

बारा वर्षांची पोर मोठ्यांचे शब्द किती पाळले जातात ते आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असते. तिला लेखकानं सांगायची गरज नाही.

भुसावळ जंक्शन

आणि कॅलिप्सो सुटते हो शेवटी. लिओ नावाचा पोरगा सोडवतो.

तापीकाठ

म्हणजे देवांनी नाहीच. पुन्हा पोरांनाच निस्तरावं लागलं. जंक्शन, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

केळीचं पान

भांडण चालू द्या. दुसऱ्या मालिकेचा संच जळगाव-भुसावळकडे कुणाकडे असेल तर सांगा, मी येऊन नेईन. पोऱ्याच्या परीक्षा शुक्रवारी संपी ऱ्हायन्यात, आणि या खेपेला तो म्हणतोय की पहिलं प्रकरण तो मला वाचून दाखवणार. मास्तर, तुमच्या पोरांसाठीही पहिली पाच पाठवू का? पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.

धडगावचा मास्तर

पाठवा. फक्त पाचवं आधी मी वाचेन, त्या आईच्या घराची पानं पुन्हा बघायची आहेत. व्यनि केलाय.