मदत हवी आहे: येरेवानहून चांदीची अक्षर-पदकं, दुदुक आणि जुना गालिचा आणायचा आहे

केवडा: येरेवानला (आर्मेनियाची राजधानी) शुक्रवार ते रविवार मुक्काम आहे. व्हर्निसाज बाजारातून पल्लवी, जुई आणि जयश्री यांच्यासाठी आर्मेनियन आद्याक्षराची चांदीची पदकं घ्यायची आहेत. शिवाय खरोखर वाजवता येईल असा दुदुक (तिथलं फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) आणि एखादा जुना लहान गालिचा. काय तपासावं?

सुईदोरा: आधी अक्षरांचं. जुई आणि जयश्रीला एकच अक्षर घेऊ नका. मराठीत 'जुई'चा ज आणि 'जयश्री'चा ज वेगळे आहेत, पण आपण लिहितो एकच. आर्मेनियन लिपीत दोन्हींना स्वतंत्र अक्षरं आहेत: जुईसाठी 'द्झा', जयश्रीसाठी 'जे'. आपल्या दोन्ही च आणि छ यांचीही तशीच सोय आहे. प आणि फ सुद्धा वेगळे, म्हणून पल्लवीसाठी 'पे' मागा. इंग्रजी वळणाने 'पी' म्हणालात तर विक्रेता 'फ्यूर' काढून देण्याची शक्यता असते. फोनवर अक्षराचं चित्र काढून ठेवा. मोठं आणि लहान रूप वेगळं दिसतं, कोणतं हवं तेही सांगा.

चांदीवर 925 चा ठसा (हजारात 925 भाग चांदी) बघा. जुन्या सोव्हिएत वस्तूंवर 875 किंवा 916 असतो. इथेच आपली माणसं फसतात: पिवळ्या चमच्यावर 916 दिसला की 22 कॅरेट सोनं वाटतं. ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असते, त्याच भावाने घ्या. लोहचुंबक सोबत ठेवा. चिकटलं तर चांदी नाही. पण पितळही चिकटत नाही, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका.

केवडा: दोन ज! हे डोक्यातच आलं नव्हतं. दुदुकचं काय?

फुंकर: शोभेचा दुदुक चकचकीत वॉर्निशचा असतो आणि सुरात नसतो. वाजवायचा दुदुक जर्दाळूच्या लाकडाचा. शिकायला 'ए' (पाश्चात्त्य स्वर A) सुराचा घ्या, लांबी साधारण 33 ते 35 सेंमी. विक्रेत्याला वाजवायला सांगा आणि फोनवरच्या ट्यूनरवर प्रत्येक स्वर बघा. नळीत उजेडाकडे बघून चीर तपासा.

खरी अडचण तोंडात धरून फुंकायच्या बोरूच्या पत्तीची, तिला तिकडे 'घामिश' म्हणतात. त्याच दुदुकवर वाजवून निवडलेल्या किमान दोन पत्त्या घ्या. कोरडी पत्ती मिटलेली असते. आत थोडं पाणी घालून हलवा, ओतून टाका आणि तोंड किंचित उघडेपर्यंत थांबा; घाईने दाबून उघडली तर उभी चिरते. जास्त उघडली तर सूर उतरतो आणि दम पुरत नाही. मग पत्तीवर तिची टोपी घालून ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हेच जास्त होईल. वाजवून झाल्यावर पत्ती काढून हवेत वाळवा. बंद प्लास्टिकच्या डबीत बुरशी धरते.

सुईदोरा: गालिचा जुना असेल तर देशाबाहेर नेण्यासाठी संस्कृती खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि शनिवार-रविवारी सरकारी कचेरी बंद. दुकानदाराकडे ते तयार नसेल तर जुना घेऊच नका. नवा घ्या आणि पावती जपा. ओला पांढरा रुमाल लाल भागावर घासा. रंग लागला तर पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर लाली पसरेल. मागची बाजूही उलटून बघा: हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात नक्षी मागेही स्पष्ट दिसते आणि झालर ताण्याच्याच दोऱ्यांची असते, वेगळी शिवलेली नसते.

केवडा: मग नवाच बघते. बाजाराला शुक्रवारी जाऊ की शनिवारी?

फुंकर: शनिवारी सकाळी. आठवड्याच्या इतर दिवशी दुकानं कमी असतात. द्राम (तिथलं चलन) रोख ठेवा.